बायपोलरमधलं डिप्रेशन आणि शरीरातला दाह: संशोधन नक्की कुठवर आलंय?

रानजाई

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आहे, टाइप वन. वय ४१. लिथियम आणि क्वेटियापिन चालू आहे. मॅनिया, म्हणजे उन्मादाचं टोक, गेली काही वर्षं आटोक्यात आहे, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. त्रास आहे तो दुसऱ्या टोकाचा. दिवाळीपासून दादा सकाळी उठतो, चहा घेतो आणि पुन्हा आडवा होतो. अँटिडिप्रेसंट द्यायला डॉक्टर कचरतात, कारण पूर्वी एकदा त्यावर मॅनिया उसळला होता.

आता मुद्दा. मागच्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) ७.८ आला. लॅबच्या कागदावर ठळक अक्षरांत, शेजारी वर जाणारा बाण. शोधाशोध केली तेव्हा कळलं की बायपोलर डिप्रेशनमागे शरीरातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, असू शकतो आणि तो कमी करणारी औषधं देऊन प्रयोगही झालेत. आमचा एक मामेभाऊ औषधाच्या दुकानात असतो. तो म्हणाला, "मग सेलेकॉक्सिब देऊन बघ, गुडघेदुखीची साधी गोळी आहे, काही होत नाही."

गोळी दिलेली नाही. पण डोक्यातून विषय जात नाही. यात खरंच काही आहे का? कुणाच्या डॉक्टरांनी या अंगाने विचार केलाय? शोधनिबंध वाचता येणाऱ्यांनी जरा उजेड पाडावा.

कोपऱ्यातला_म्हसोबा

दहाव्या प्रतिसादाच्या आत हळद येणार. पैज लावतो.

वऱ्हाडी_वैद्य

मानसोपचारात आहे, म्हणून आधी तातडीचं सांगतो, बाकीचं सवडीने.

रानजाईताई, गोळी दिली नाहीत हे फार चांगलं केलंत. लिथियम शरीरातून जवळजवळ सगळं किडनीवाटेच बाहेर पडतं. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन आणि तुमच्या मामेभावाची 'साधी' सेलेकॉक्सिब, या सगळ्या गोळ्या किडनीला लिथियम धरून ठेवायला लावतात. रक्तातली पातळी २० ते ४० टक्क्यांनी वाढू शकते, कधी त्याहूनही जास्त. लिथियम चालतं ०.६ ते १.० च्या दरम्यान आणि १.५ च्या पुढे विषबाधा सुरू होते. म्हणजे हाताशी जागा किती थोडी आहे बघा. अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल घ्या. बाकी काहीही घ्यायचं तर आधी फोन करा.

उन्हाळ्यात घाम, जुलाब, उलट्या, एकदम बंद केलेलं मीठ, यानेही लिथियम वाढतं. नागपुरात मे महिन्यात हे आम्ही दरवर्षी पाहतो.

पंचगंगाकाठ

वैद्यसाहेबांच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन.

आमचे सासरे लिथियमवर होते. चिकनगुनिया झाला, सांधे धरले. गल्लीतल्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक लिहून दिलं. त्यांनी विचारलं नाही आणि आम्हाला सांगायचं सुचलं नाही. आधी हात थरथरायला लागले. आमटीची वाटी तोंडाशी नेईपर्यंत निम्मी आमटी सदऱ्यावर. आम्ही म्हटलं तापाचा अशक्तपणा. मग जुलाब लागले, जीभ जड झाली, आणि एके सकाळी ते मोरीपर्यंत भिंतीला धरून, पाय फाकवून चालताना दिसले, दारू प्यायल्यासारखे. आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता त्यांनी. मोठ्या दवाखान्यात नेलं, लिथियम २.१. सलाईनवर ठेवलं. बरे झाले, पण त्या चार गोळ्यांनी सगळ्या घराच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

तेव्हापासून त्यांच्या पाकिटात एक चिठ्ठी असायची: 'मी लिथियम घेतो, वेदनाशामक देण्यापूर्वी विचारावे.' दादांच्या पाकिटातही ठेवा.

सूर्यनमस्कार१०८

गोळ्यांच्या मागे लागण्यापेक्षा दाह मुळातून काढा. रात्री हळदीचं दूध, मिरपूड घालून. करक्युमिन हे निसर्गाने दिलेलं दाहशामक आहे. साखर, मैदा, दूध बंद करा.

कोपऱ्यातला_म्हसोबा

चौथ्यालाच आली! पण साहेब, दूध बंद करायचं आणि हळदीचं दूध प्यायचं, हे कसं जमवायचं तेवढं सांगा.

विदाभक्त

=)) म्हसोबा

मी पुण्यात क्लिनिकल ट्रायल्सच्या आकडेवारीत काम करतो. डॉक्टर नाही, पण असल्या तक्त्यांवर पोट आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो. जरा लांबेल.

बायपोलर असलेल्यांच्या रक्तात सीआरपी, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा ही दाहाची चिन्हं सरासरीने जास्त सापडतात. हे अनेक अभ्यासांत दिसलंय, त्यावर फारसा वाद नाही. वाद पुढे सुरू होतो: दाह कमी केला तर डिप्रेशन उतरतं का?

सगळ्यात गाजलेला प्रयोग २०१३ चा, अटलांटाच्या एमरी विद्यापीठातला. इन्फ्लिक्सिमॅब हे संधिवाताचं औषध. ते टीएनएफला अडवतं, शिरेतून देतात. औषधांना दाद न देणारं डिप्रेशन असलेले ६० लोक घेतले, बहुतेक साध्या डिप्रेशनचे, थोडे बायपोलरचे. १२ आठवड्यांनंतर औषध आणि प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ डोस) सारखेच ठरले. पण मागे वळून सीआरपीप्रमाणे गट पाडले तेव्हा गंमत दिसली. ज्यांचा सीआरपी ५ च्या वर होता त्यांना औषधाने जास्त बरं वाटलं होतं. आणि ज्यांचा कमी होता, त्यांच्यात प्लासिबोवालेच पुढे होते!

इथून सगळ्यांच्या आशा पालवल्या. म्हटलं चला, आता दाह असलेलेच निवडू. टोरांटो आणि स्टॅनफर्डच्या मंडळींनी नेमकं तेच केलं, तेही फक्त बायपोलर डिप्रेशनसाठी. पुन्हा ६० लोक, पुन्हा इन्फ्लिक्सिमॅब, पुन्हा १२ आठवडे. निकाल २०१९ मध्ये आला: मुख्य मोजमापात फरक नाही. लहानपणी मारहाण सोसलेल्यांना जास्त फायदा झाल्याचं दिसलं, पण तो पुन्हा उपगटच. उपगट पुरेसे पाडले की काही ना काही 'सापडतं'च. आमच्या धंद्यात हे रोज बघतो. मुख्य निकाल हुकला की लगेच फोन येतो, "बायकांमध्ये वेगळं बघा ना, पन्नाशीच्या पुढचे बघा ना."

विदाभक्त

वरचं अर्धवट पाठवलं गेलं. रानजाई, तुमच्या गोळीबद्दलचा प्रयोग राहिला.

पाकिस्तानात २६६ बायपोलर डिप्रेशनच्या रुग्णांवर सेलेकॉक्सिब आणि मिनोसायक्लिन (अँटिबायोटिक आहे, दाहही कमी करतं) यांची एकत्र चाचणी झाली. कुणाला एक, कुणाला दुसरं, कुणाला दोन्ही, कुणाला नुसता प्लासिबो. चालू औषधं तशीच ठेवून वर हे द्यायचं. सेलेकॉक्सिब रोज ४०० मिलिग्रॅम, तीन महिने. २०२० मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत निकाल छापून आला. दोन्हींपैकी एकही गोळी प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही.

त्याच सुमारास शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या प्रयोगात सेलेकॉक्सिब एस्सिटालोप्राम या अँटिडिप्रेसंटबरोबर दिल्यावर फायदा दिसला होता. पण तिथे माणसं पन्नासच्याही आत. छोटा प्रयोग आशा दाखवतो आणि मोठा जमिनीवर आणतो, हे या क्षेत्रात इतक्यांदा झालंय की आता छोट्याची बातमी वाचून मी हुरळत नाही.

गावठी_गुगल

कुठल्या तरी पाश्चात्त्य कंपनीने स्वस्त गोळ्या फेल दाखवल्या असतील. मिनोसायक्लिन जुनं, स्वस्त. त्यात कुणाला पैसा?

विदाभक्त

@गावठी_गुगल, उलटं आहे. महागडं इन्फ्लिक्सिमॅब आणि स्वस्त मिनोसायक्लिन, बायपोलरमधल्या या दोन्ही चाचण्यांना पैसा दिला तो स्टॅनली मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूट या ना-नफा संस्थेने. दोन्ही हुकल्या आणि दोन्ही छापल्या. कंपन्यांना शिव्या घालायला इतर जागा पुष्कळ आहेत, मीच दाखवीन.

अर्धा_चंद्र

मला स्वतःला बायपोलर टू आहे. धागा वाचून दोन्ही प्रकारचं वाटलं.

एक म्हणजे बरं वाटलं. लोकांना बायपोलर म्हटलं की नाचणारा, उधळणारा, चार क्रेडिट कार्डं रिकामी करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात आम्ही बहुतेक काळ गाळात असतो. अमेरिकेत टाइप वनच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं, आठवड्या-आठवड्याची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास आहे. त्यात सुमारे ३२ टक्के आठवडे डिप्रेशनच्या लक्षणांत गेले, मॅनिया-हायपोमॅनियाचे (म्हणजे सौम्य मॅनियाचे) ९ टक्के. टाइप टूमध्ये तर डिप्रेशनचे आठवडे ५० टक्के भरले. आयुष्याचा अर्धा भाग! आणि त्यासाठी खास मान्यता असलेली औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा कुणी नवा रस्ता शोधत असेल तर शोधू द्या.

दुसरं म्हणजे वैताग. पूर्वी म्हणायचे मन खंबीर कर. आता सुशिक्षित लोक म्हणतात मैदा बंद कर. तात्पर्य तेच, आजार तुझ्याच हलगर्जीपणाचा. सूर्यनमस्कारसाहेब, तुमच्यावर व्यक्तिगत राग नाही. पण डिप्रेशनमध्ये मी दात घासायला दुपार करतो, तेव्हा १०८ चा आकडा नुसता वाचूनच झोप येते.

सूर्यनमस्कार१०८

नाव बदलतो हवं तर, सूर्यनमस्कार२ करतो. दुखावलं असेल तर क्षमस्व. पण व्यायामाने दाह कमी होतो हे तरी मान्य आहे ना?

अर्धा_चंद्र

मान्य. फक्त तो करायला लागणारी माणसातली वीज आजाराने कापलेली असते, तेवढं लक्षात ठेवा. मला बायको गच्चीवर नेते आणि कुंड्यांना पाणी घालायला लावते. सध्या तोच व्यायाम.

वऱ्हाडी_वैद्य

आता सवड मिळाली.

दाहाचा आणि मनःस्थितीचा संबंध आहे याचा सर्वांत स्वच्छ पुरावा बायपोलरमधून आलेला नाही, तो काविळीच्या वॉर्डातून आला. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं द्यायचे. इंटरफेरॉन म्हणजे प्रतिकारशक्तीला पेटवणारं रसायन. साधारण तिघांतल्या एकाला काही आठवड्यांत डिप्रेशन यायचं. धडधाकट मनाचा माणूस इंजेक्शनागणिक खचत जाताना आम्ही बघितलाय. आता नव्या गोळ्या आल्या आणि इंटरफेरॉन मागे पडलं, पण धडा राहिला.

यंत्रणा काहीशी अशी. जेवणातल्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं. दाह वाढला की एक एन्झाइम हेच ट्रिप्टोफॅन क्युन्युरेनिनच्या वाटेला वळवतं. त्या वाटेवर क्विनोलिनिक ॲसिड तयार होतं, जे मेंदूच्या पेशींना नको तितकं चाळवतं. शिवाय दाहामुळे डोपामिनचा पुरवठा मंदावतो, म्हणून दुःखापेक्षाही 'काहीच करावंसं वाटत नाही' हे जास्त दिसतं. रानजाईंच्या दादांचं चहा पिऊन परत आडवं होणं त्यात बसू शकतं. बसू शकतं म्हणालो, बसतंच असं नाही.

याच्या नेमकं उलट टोक: दाहावरचं सगळ्यांत जोरकस औषध कोणतं? स्टिरॉइड. मग स्टिरॉइडने डिप्रेशन पळायला हवं. प्रत्यक्षात प्रेडनिसोलोनच्या मोठ्या डोसवर आम्ही मॅनिया बघतो, डिप्रेशन बघतो, भ्रमही बघतो. १९७२ च्या एका प्रसिद्ध पाहणीत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत असा मानसिक त्रास १.३ टक्क्यांना झाला, ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्क्यांना. कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टिरॉइडनंतर रात्रभर जागून सोसायटीचं बायलॉ लिहून काढणारे काका माझ्याकडे आणले होते. दाह उतरवला म्हणजे मन उतरलं, इतका सरळ हिशेब नाही.

आणि इन्फ्लिक्सिमॅबबद्दल एक देशी काळजी. टीएनएफ अडवला की शरीरात झोपलेला टीबी जागा होतो. आपल्याकडे असा झोपलेला टीबी किती जणांच्या छातीत आहे याचा विचार करा. अटलांटात किंवा टोरांटोत जे औषध देऊन बघता येतं, ते इथे डिप्रेशनसाठी द्यायला माझा तरी हात धजणार नाही.

कोपऱ्यातला_म्हसोबा

त्या काकांचं बायलॉ मंजूर झालं का?

वऱ्हाडी_वैद्य

सात उपकलमांसह. पार्किंगचं कलम तर अजून लागू आहे म्हणतात.

लोणारचं_पाणी

अवांतर: मनाच्या आजारावर शरीरातून उपाय ही कल्पना जुनी आहे. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेगने १९१७ मध्ये सिफिलिसमुळे वेड लागलेल्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया टोचला. ताप चढायचा, मग क्विनाइन देऊन मलेरिया उतरवायचा. काही बरे व्हायचे, काही मलेरियानेच जायचे. १९२७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. म्हणजे तेव्हा दाह पेटवून उपचार, आता विझवून.

रानजाई

बापरे. एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. चिठ्ठी आजच लिहून दादाच्या पाकिटात घातली. मामेभावालाही धागा पाठवलाय, तो गप्प आहे.

वैद्यसाहेब, मग त्या ७.८ चं करायचं काय? सोडून द्यायचं?

वऱ्हाडी_वैद्य

सोडायचं नाही आणि त्यावर घरही बांधायचं नाही. सीआरपी हा सोसायटीच्या वॉचमनसारखा आहे. कुणीतरी आत शिरलंय एवढं ओरडून सांगतो. कोण, कुठल्या मजल्यावर, ते त्याला ठाऊक नसतं. सर्दी, दुखरी दाढ, हिरड्यांतला पू, धूम्रपान, पोटाचा घेर, संधिवात, कशानेही वाढतो. दोन-तीन आठवड्यांनी, ताप-सर्दी नसताना पुन्हा करा. तोवर दात तपासून घ्या. आणि विचारायचं राहिलं: दादा घोरतात का? वजन वाढलंय का?

खाजणातला_खेकडा

एवढं बोलताय पण ओमेगा-३ चं कुणी नाव घेईना. बायपोलर डिप्रेशनमध्ये ओमेगा-३ ने थोडा फायदा दिसलाय, मॅनियात नाही, असं वाचलंय. त्यातही ईपीए (ओमेगा-३ चाच एक प्रकार) जास्त असलेलं. कॅप्सूल कशाला, तारली खा, बांगडा खा. गरिबाचं मासळी-औषध. पापलेटवाल्यांनी गप्प बसावं.

पंचगंगाकाठ

आम्ही तांबडा-पांढरा रस्सावाले कुठे जायचं?

खाजणातला_खेकडा

तुम्हाला जवस आहे. चटणी करा. फायदा कमी, चव बरी.

वऱ्हाडी_वैद्य

खेकडासाहेब, माशांना माझी हरकत नाही. फायदा आहे तो किरकोळ, चालू औषधांच्या जोडीला. बांगडा आणला म्हणून लिथियम थांबवलं, असा प्रकार मात्र घडलाय, म्हणून सांगतो.

हळदीचंही सांगून टाकतो. हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के, त्यातलंही आतड्यातून रक्तात जातं ते नगण्य. भाजी-दुधातली हळद खुशाल खा. जपायचं ते मिरीचा अर्क घातलेल्या जोरदार करक्युमिन कॅप्सूलपासून. यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेलीत. अश्वगंधाही विचारल्याशिवाय नको, थायरॉइडमध्ये लुडबुड करते आणि लिथियमवाल्यांचं थायरॉइड आधीच नाजूक असतं.

लोणारचं_पाणी

हळद निघालीच आहे तर: १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, माशेलकर प्रमुख असताना, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. तेव्हा सूर्यनमस्कार२ साहेब, दूध निर्धास्त प्या, कुणाला रॉयल्टी द्यायची नाही.

एरंडवणेकर

वजनाचा विषय निघालाय म्हणून. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांचा एक फोटो २००४ च्या लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्तवाले कोण, हे सांगायला नकोच, आपलेच डॉक्टर. ही आपली 'हडकुळी-चरबीदार' भारतीय शरीरं. पोटाभोवतीची ही चरबी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडते आणि त्यामुळे यकृत सीआरपी बनवतं. म्हणजे बारीक दिसणाऱ्या माणसाचाही सीआरपी डिप्रेशनशी काही संबंध नसताना वर असू शकतो. पाश्चात्त्य अभ्यासातली '५ च्या वर' ही रेघ आपल्या लोकांना जशीच्या तशी लावावी का, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

विदाभक्त

@एरंडवणेकर, अगदी नेमकं बोट ठेवलंत. वर आणखी एक गुंता. ओलान्झापिन, क्वेटियापिन यांनी वजन वाढतं, वजनाने सीआरपी वाढतो. मग वाढलेला सीआरपी आजाराचा की उपचाराचा? रुग्ण औषधांवर असतानाच रक्त घेतलं जातं, त्यामुळे हे सोडवणं कठीण जातं.

ऑस्ट्रेलियातल्या एन-ॲसिटिलसिस्टिनचाही (एनएसी) किस्सा असाच. २००८ मध्ये ७५ लोकांच्या चाचणीत २४ आठवड्यांनी डिप्रेशनची लक्षणं चांगली उतरली, सगळीकडे बोलबाला झाला. त्याच गटाने २०१९ मध्ये १८१ जणांवर पुन्हा तपासलं, १६ आठवड्यांच्या शेवटी फरक दिसला नाही. आपलाच आवडता निष्कर्ष पुन्हा तपासून, हुकला तरी छापला, म्हणून मला त्या गटाबद्दल आदर वाटतो.

माझं मत विचाराल तर दाहाची कल्पना मेलेली नाही. 'बायपोलर डिप्रेशन' या एका पाटीखाली चार-पाच वेगळे आजार बसलेत आणि त्यातल्या एकाचं मूळ दाहात असावं. तो कुणाला आहे हे ओळखायची चांगली खूण आपल्याकडे नाही. सीआरपी आतापर्यंत त्या परीक्षेत काठावरही पास झालेला नाही.

मी_कुणाची_कोण

दादांना किंवा इतर कुणालाही जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर टेलिमानस, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलतात. चर्चेच्या नादात हे कुणी लिहिलं नव्हतं.

अर्धा_चंद्र

बरं झालं लिहिलंत.

गावठी_गुगल

बरं, स्टॅनलीवाल्यांना सलाम. पण आपल्याकडे अशी चाचणी कुठे चालू असेल तर भाग घेता येतो का? दादांसारख्यांना फायदा होईल.

विदाभक्त

येतो. भारतात औषधाची चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीचं आहे. संकेतस्थळावर आजाराचं नाव टाकून शोधा, कुठलं रुग्णालय, कोणती अट, सगळं दिसतं. आत शिरण्याआधी माहितीपत्रक मराठीत मागून घ्या, वाचायला घरी न्या. प्लासिबो मिळू शकतो हे समजून घ्या आणि चालू औषधं थांबवावी लागणार का ते विचारा. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. "सही करा, बाकी आम्ही बघतो" म्हणणारा भेटला तर चपला घालायच्या.

रानजाई

काल दादाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. सीआरपी पुन्हा केला होता, ५.९. दाढ किडलेली निघाली, तिचं काम सुरू केलंय. क्वेटियापिन सुरू झाल्यापासून वजन १४ किलोंनी वाढलंय. वैद्यसाहेबांचा घोरण्याचा प्रश्न मी विचारला तेव्हा वहिनी हसायलाच लागली, म्हणाली मी दोन वर्षं हॉलमध्ये झोपते. डॉक्टरांनी स्लीप स्टडी सांगितलीय. झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसभराचा थकवा, डिप्रेशन आणि सीआरपी तिन्हीला तेच कारण असू शकतं म्हणे.

दाहाच्या औषधांबद्दल थेट विचारलं. म्हणाले, आज देण्यासारखं काही नाही, पण विचारलंत ते चांगलं केलंत. लॅमोट्रिजिन हे मूड स्थिर ठेवणारं औषध सुरू केलंय, २५ मिलिग्रॅमपासून, दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवत. लिथियमची पातळी आठवड्याभरात.

वऱ्हाडी_वैद्य

रास्त वाटतंय. दोन गोष्टी. लिथियमचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर, नाहीतर आकडा उगीच चढा येतो.

आणि लॅमोट्रिजिनवर अंगावर पुरळ उठलं, विशेषतः तोंडात-डोळ्यांत चट्टे किंवा सोबत ताप आला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. म्हणूनच इतकं सावकाश वाढवतात. लवकर बरं वाटावं म्हणून परस्पर डोस वाढवू नका. सलग काही दिवस गोळ्या चुकल्या तर पुन्हा २५ पासून सुरुवात, जिथे सोडलं तिथून नाही.

शेवंती_७७

वैद्यसाहेब, माझी मुलगी २३ वर्षांची, व्हॅल्प्रोएटवर आहे. तिलाही कालच लॅमोट्रिजिन लिहून दिलंय, पण २५ एक दिवसाआड. चिठ्ठी चुकली का?

वऱ्हाडी_वैद्य

चुकली नाही. व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी जवळजवळ दुप्पट होते, म्हणून डोस निम्मा. पण २३ वर्षांच्या मुलीला व्हॅल्प्रोएट पुढे किती काळ ठेवायचं हे पुढच्या भेटीत जरूर विचारा. गर्भधारणेत ते बाळाला घातक आहे. लग्न ठरायची वाट बघू नका, आत्ताच विचारा. आणि तोवर आपल्या मनाने बंदही करू नका.

शेवंती_७७

हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारची वेळ घेते.